गोंगचा तिसरा ठोका

१

गावानं आधी गोंगची चौकशी केली, मग मेलेल्या माणसाची. मंगळवारी सकाळी फौजदार प्रविरा बैलगाडीतून उतरले तेव्हा म्बाह सिंगांच्या, म्हणजे सिंगा आजोबांच्या, अंगणात पन्नासेक माणसं जमली होती आणि जो तो दुसऱ्याला एकच विचारत होता, क्याई सगारांना तडा तर नाही ना गेला?

क्याई सगारा म्हणजे त्या घरचा मोठा गोंग. दोघांनी मिळून उचलावा एवढा, काशाचा, काठ आत वळवलेला आणि मधोमध करवंटीएवढा फुगवटा. जावातल्या सोलो शहराच्या पूर्वेला गोंग घडवणाऱ्यांची चार-पाच गावं आहेत, पण राजवाड्याची पदवी मिळालेलं घर हे एकच, आणि ती पदवीही माणसांना नाही, या गोंगला मिळालेली. पाच पिढ्या त्याच्या जिवावर जगल्या. तो सुखरूप आहे म्हटल्यावर लोकांनी सुस्कारा टाकला आणि मग कुठं सगळ्यांना आठवलं, की त्याच्या पायाशी एक मुलगा पालथा पडलाय.

मुलाचं नाव सुविग्न्यो, वय चोवीस. शहरातल्या कोशमंडळानं त्याला शब्द गोळा करायला पाठवलं होतं. तीन आठवडे तो गावभर एक लाकडी पेटी घेऊन फिरत होता. पेटीत चारशे चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक शब्द. भट्टीतले, स्वयंपाकघरातले, पण मुख्य म्हणजे आवाजांचे. कुठलं भांडं कसं वाजतं, त्या वाजण्याला काय म्हणतात, आणि पहिल्यांदा तसं कोण म्हणालं. लोक त्याला हसायचे आणि जेवायला घालायचे.

आता त्याच्या डोक्याला मागच्या बाजूनं एकच घाव होता. उजवा हात गोंगच्या लाकडी चौकटीकडे पसरलेला. वहाणा दाराबाहेर पायरीवर नीट ठेवलेल्या. वाद्यांच्या खोलीत धुपाचा आणि फुलांचा वास भरून राहिला होता. चौकटीपाशी केळीच्या पानावर गुलाब, मोगरा आणि कनांगाची फुलं वाहिलेली होती, जशी या घरात असतातच.

गावचा मुखिया, लुराह, हात चोळत पुढं आला. "न्दोरो, सरकार, तुमचं काम आम्हीच करून ठेवलंय."

अंगणातल्या फणसाला डोंगसा कोळसेवाला बांधलेला होता. त्याच्या कोळशाच्या ढिगात भट्टीतला घण सापडला होता, रक्तानं माखलेला. ढीग फाटकाबाहेरच असतो, येताजाता कोणीही त्यात काही टाकावं. पण एवढा विचार करायला गावाला वेळ नव्हता.

"हाच का?" फौजदारांनी विचारलं.

"दुसरा कोण, न्दोरो? नऊ वर्षांपूर्वी यानं दारू पिऊन गोंग ओलांडला होता. जो गोंगवर तंगडी टाकतो तो माणसाला कशाला कचरेल!"

"ओलांडला तो खाली उतरवून ठेवलेला होता," डोंगसा झाडापासून ओरडला, "आणि लहानसा होता! नऊ वर्षं झाली, एका जेवणावळीला बोलावलं नाही मला. ओलांडल्याबद्दल फाशी द्यायची तर तेव्हाच द्यायची होती की!"

फौजदारांच्या खिशात शहरातल्या साहेबाचा हुकूम होता. आरोपी सूर्यास्ताच्या आत शहराकडे रवाना करावा. शहरात साहेबाला निकाल लागतो, माणूस कुठला लागतो याच्याशी देणंघेणं नसतं. या गाडीत बसलेला डोंगसा परत येणार नाही, हे फौजदारांना ठाऊक होतं आणि डोंगसालाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढं एक काम सरकारी गाडी वेळेवर करते.

त्यांनी खाली बसून मेलेल्या मुलाची पेटी उघडली. चिठ्ठ्या मुळाक्षरांच्या क्रमानं ओळीत उभ्या होत्या, एकही विस्कटलेली नाही. त्यांनी बोटानं चाळत चाळत शोधलं, मग पुन्हा शोधलं.

गावातल्या प्रत्येक पळीच्या आवाजाची चिठ्ठी होती. गोंगची नव्हती.

२

गल्लीच्या पलीकडे म्बोक सादिनेमची, म्हणजे सादिनेम मावशीची, खानावळ. विधवा बाई, जिभेला हाड नाही. मुलगा तिच्याकडेच उतरला होता. फौजदारांपुढे आल्याचं गरम पाणी आपटून ती रडायला लागली आणि रडता रडताच बोलायला लागली.

"जेवताना पण सोडायचा नाही हो. म्बोक, तेलात टेंपेची वडी पडली की काय आवाज होतो? म्हटलं, माझ्या नवऱ्याला विचार, तो फार खायचा. म्हणाला, कुठं आहेत? म्हटलं, मसणात!"

"आणि गोंग?"

"त्याचंच तर वेड. हा शब्द आला कुठून, म्हणे. 'मोठा' या शब्दावरून आला का? का आवाजावरून? मी म्हटलं, माझ्या बाळानं 'आई' म्हणायच्या आधी 'गोंग' म्हटलं होतं, तेव्हा बाळाच्या तोंडातून आला असं लिही. त्यानं लिहून घेतलं! हसला नाही मेला. माझ्या बोलण्यावर न हसणारा तो पहिलाच."

काल संध्याकाळी तो पेटी घेऊन पुन्हा सिंगांच्या घरी गेला होता. गावातले पुरुष सगळे दुसऱ्या टोकाला बारशाच्या जेवणाला. ही एकटी दिवा लावत होती.

"तेव्हा गोंग वाजला," ती म्हणाली. "मऊ. दांड्यानं नाही, हातानं मारावा तसा. मी म्हटलं, या वेळेला कोण वाजवतंय? मग परत वाजला. मग तिसऱ्यांदा."

"तिन्ही वेळा सारखाच?"

 पदराचं टोक सादिनेमनं बोटाला गुंडाळलं. "तिसरा तुटला. म्हणजे... शेपूटच नाही. बोलता बोलता कोणी तोंडावर हात ठेवावा ना, तसं."

 तरुणपणी फौजदार स्वतः वाद्यवृंदात बसायचे. गोंगचा आवाज आपोआप तुटत नाही, तो विरत जातो. तोडायचा तर कोणीतरी हात आणि गुडघा लावून गोंगला कवटाळावं लागतं.

डोकं फुटलेला मुलगा मदतीसाठी गोंग वाजवत होता. आणि ते वाजणं बंद करायला कोणीतरी धावत आलं होतं.

३

सिंगांच्या घरात माणसं तीन. जावई कार्ता आधी आला. बैलासारखे खांदे, भट्टीच्या धगीनं भुवया जळालेल्या.

"शब्दाला काय बाप असतो?" तो म्हणाला. "गोंग वाजतो गोंग, म्हणून गोंग. संपलं. तीन दिवस माझ्या भट्टीत बसून राहिला. घण मारताना 'हं' म्हणता ते कसं लिहू, म्हणे! मी म्हटलं, घण घे, मार, आपोआप कळेल."

"काल दिवेलागणीला कुठं होतास, कार्ता?"

"जेवणाला."

"लोक म्हणतात, तू उशिरा आलास. दिवे लागून गेल्यावर."

"भट्टीवरून आलो, नदीवर अंघोळ केली. काळं तोंड घेऊन बारशाला जाऊ?" त्यानं नजर चुकवली. "पोरगा आगाऊ होता. पण त्याच्या अंगाला मी हात लावला नाही."

मग त्याची बायको, वार्सिना. पस्तिशीची, केस चापून बांधलेले, आवाज खालचा. चहा आणला तोही पेला न वाजवता ठेवला. ती स्वयंपाकघरात होती. बाबांना भात वाढला, झोपवलं. गोंग ऐकला नाही, कढईत तेल तडतडत होतं. मुलगा गुणी होता, वाईट झालं. सकाळी दार उघडलं तेव्हा दिसला.

"गोंग या शब्दाबद्दल तुला काय विचारलं त्यानं?"

"तेच, जे सगळ्यांना विचारलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबांना विचार. घरात शब्द त्यांचाच चालतो."

घराचा धनी, म्बाह सिंगा, ओसरीवर बाजेवर बसला होता. वय त्र्याहत्तर. वर्षापूर्वी तापानं दोन महिने शहराच्या इस्पितळात होता, तेव्हा कान गेले. उजव्या कानात तोंड घालून ओरडलं तर थोडं पोचायचं. त्यामुळे तो स्वतःही ओरडूनच बोलायचा, आणि गोड बोलणं त्याला कान होते तेव्हाही जमलं नव्हतं.

"गोंगला नाव कोणी दिलं?" म्हातारा गरजला. "कोणी नाही! माझ्या खापरपणज्यानं क्याईंना टांगलं, हलकेच टेकवला हात, आणि त्यांनी स्वतःचं नाव स्वतः घेतलं! माणसानं नुसतं मागून म्हटलं. लिहा! तुम्ही फौजदार ना? मग लिहा की! का तुम्हालाही वाचता-लिहिता येत नाही, माझ्या जावयासारखं?"

कार्ता दाराशी उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"हा!" म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बोट नाचवलं. "भाड्याचा बैल! दहा वर्षं झाली, अजून याच्या गोंगला गळा फुटत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी क्याईंना फुलं वाहतात, ती कोण? मी! आणि मला उठवलं नाही तर माझी मुलगी. आमच्या रक्ताशिवाय फुलांच्या पानाला कोणी शिवायचं नाही. हा शिवला तर हात झडतील याचे! हो ना रे?"

"हो, बाबा," कार्ता म्हणाला. ते म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही, पण दिसलं, आणि तो समाधानानं हसला.

हवालदार सामिदीनं सगळ्यांचे जबाब लिहून आणले. सादिनेमनं अंगठा उमटवला. डोंगसानं बांधल्या हातानं उमटवला. कार्तानं, म्हाताऱ्यानं उमटवला. वार्सिनानं टाक मागून घेतला आणि मुलींच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात सही केली.

फौजदारांनी जबाबांचे कागद घडी करून खिशात टाकले. गाडी निघायला चार तास उरले होते आणि हाताला काहीच लागलं नव्हतं, असं त्यांना वाटत होतं.

४

दुपारी साखर कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर आला. त्यानं अर्धा तास घेतला, हात धुतले आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पहाटे मेलाय."

"काल संध्याकाळी मारलं त्याला."

"मारलं संध्याकाळी. मेला पहाटे. दहा-अकरा तास लागले. रक्त हळूहळू गेलंय. रात्री नऊ-दहापर्यंत जरी कोणी माझ्याकडे आणलं असतं तर वाचला असता बहुतेक. अशी डोकी मी कारखान्यात शिवली आहेत."

ही गोष्ट फौजदारांनी सादिनेमला सांगायला नको होती. पण त्यांना राग आला होता आणि राग काढायला ती समोर सापडली.

"तिसरा ठोका ऐकलास तेव्हा गल्ली ओलांडून गेली असतीस, तर आज तो तुझ्याकडे जेवत असता."

सादिनेम चुलीपुढचा पाट ओढून त्यांच्यासमोर बसली. 

"आता सगळं सांग," फौजदार म्हणाले. "सकाळी अर्धंच सांगितलंस."

"दुसऱ्याच्या गोंगच्या आवाजाला नावं ठेवू नयेत, न्दोरो. आमच्यात तसं करत नाहीत." तिनं नाक ओढलं. "ती चिठ्ठी त्यानं मला वाचून दाखवली होती. म्हणाला, म्बोक, लोक समजतात गोंग म्हणजे ठोका. चूक. ठोका तर पातेल्यालाही बसतो. ठोक्यानंतर जे उरतं, लाटेसारखं येत-जात राहतं, ते म्हणजे गोंग. ते नसेल तर तो शब्दच लागू नाही. आणि खाली लिहिलं होतं, सिंगा घरच्या गोंगमध्ये पूर्वी पाच लाटा उरत. आता तीन उरतात."

"तीन का?"

"कारण हे क्याई सगारा नाहीतच!" ती एकदम बोलून गेली. "म्हातारा शहरात आजारी होता ना, तेव्हा कार्तानं हलवताना पाडला. उभा तडा गेला. मग नवरा-बायकोनं तो वितळवला आणि त्याच काशाचा परत घडवला. सगळ्या गावानं ऐकलंय, न्दोरो. कान काय फक्त म्हाताऱ्याचे गेले! पण कोण बोलणार? म्हातारा हे ऐकून जगला नसता, आणि राजवाड्यानं पदवी काढून घेतली असती. आम्ही म्हणायचो, देवानंच झाकलं. त्याचे कान गेले ते बरं झालं."

सगळ्या गावाला माहीत असलेलं गुपित एका परगावच्या मुलानं शाईनं लिहिलं होतं, आणि ते छापलं जाणार होतं. फौजदार रस्त्यावर आले. चौकात फुलवालीचा ओटा रिकामा पडला होता, त्यावर एक कुत्रं झोपलेलं.

"ही कधी येते?" त्यांनी सहज विचारलं.

"गुरुवारी फक्त," सामिदी म्हणाला. "मधल्या दिवशी फुलं कशाला लागतात?"

फौजदार जागच्या जागी उभे राहिले. सकाळी खोलीत पाऊल ठेवल्याबरोबर तो वास नाकात गेला होता. आयुष्यभर गोंगच्या पायाशी फुलं बघत आलेल्या डोळ्यांना ती इतकी ओळखीची होती, की दिसलीच नाहीत. गुरुवारची फुलं मंगळवारपर्यंत काळी पडतात. ही टवटवीत होती, म्हणजे घरच्याच परसातून नुकती तोडलेली.

"सामिदी, गाडी थांबव," ते म्हणाले आणि धावत सुटले.

५

वाद्यांच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना वहाणा काढून बसवलं. लुराह, कार्ता, वार्सिना, सादिनेम, आणि दाराशी दोरासकट डोंगसा. म्हाताऱ्याची बाज उचलून आणली. ऊन फणसाच्या बुंध्यापर्यंत उतरलं होतं.

"ज्यानं मुलाला मारलं," फौजदार म्हणाले, "त्यानं नंतर गोंगची माफी मागितली. क्याईंच्या समोर रक्त सांडलं म्हणून सोमवारी फुलं वाहिली. डोंगसा वाहील?"

"मला त्या पानाला शिवू कोण देतंय!" डोंगसा म्हणाला.

"कार्ता वाहील? हात झडतील या भीतीनं तो वाहणार नाही. बाहेरचा तर नाहीच नाही. म्हणजे राहिले या घराच्या रक्ताचे दोघं." त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. "मुलगा शुद्धीवर आला. त्यानं गोंगला हात मारला, दोनदा. मारणारा तेव्हा खोलीत नव्हता, नाहीतर पहिलाच ठोका बंद झाला असता. तो फुलं तोडत होता. आवाज ऐकून धावत आला आणि तिसरा ठोका धरला. ज्याला कानात ओरडल्याशिवाय कळत नाही, तो परसातून मऊ ठोका ऐकून येईल?"

 कार्ता हळूहळू बायकोकडे वळला.

"आणि चारशे चिठ्ठ्यांतून नेमकी एक काढली, बाकीच्यांची ओळसुद्धा न विस्कटता. इथं चार अंगठे उमटले आज. सही एकच झाली."

वार्सिनानं मांडीवरचा हात हलवला नाही. "चिठ्ठी चुलीत घातली," ती म्हणाली, चहात साखर किती घातली ते सांगावं तशी.

"वार्सी!" कार्ता ओरडला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही पाडलात, मी झाकलं. नेहमीसारखं." मग फौजदारांकडे वळून, "तो लाटा मोजायला आला होता, पुन्हा एकदा. मला म्हणाला, ताई, जुना गोंग कुठल्या साली फुटला? कोशात साल लागतं. साल! मी पाया पडले त्याच्या. म्हणाला, खोटं लिहिता येत नाही, पण तुमच्या बाबांना मी काही बोलणार नाही. मी विचारलं, तुला सांगितलं कोणी? म्हणाला, शपथ आहे. किती वेळा विचारलं! नाव सांगितलं असतं तर त्या माणसाचं तोंड बंद केलं असतं मी, याचं नाही. तो शपथच धरून बसला. मग वाकला, गोंगला कान लावायला."

"घण कुठून आणलास?"

"दाराशीच होता. नंतर कोळशात टाकला. डोंगसाचा विचार केला नव्हता." तिनं दाराकडे पाहिलं. "सकाळी त्याला धरला, तेव्हा केला. बरं झालं वाटलं."

"आणि तो जिवंत आहे, हे कळलं होतं?"

"हो. श्वास चालला होता."

"मग?"

"क्याईंवर रक्त उडालं होतं. आधी ते पुसलं. मग कनांगा तोडायला गेले. ठोका ऐकला तशी धावले, क्याईंना मिठी मारली. ते शांत झाले."

"आणि तो?"

"त्याच्याकडे पाहिलं नाही मी," वार्सिना म्हणाली. "फुलं वाहिली, धूप लावला, दार ओढून घेतलं. बाबांच्या जेवणाची वेळ झाली होती."

सादिनेम तिच्या अंगावर धावली. सामिदीनं मधे पडून आवरलं, पण एक थप्पड बसायची ती बसलीच. वार्सिनानं गालाला हातही लावला नाही.

६

"एक मागते," हात बांधून घेताना वार्सिना म्हणाली. "बाबांना कारण सांगू नका. काहीही सांगा. माझं त्याच्याशी लफडं होतं म्हणून सांगा, ते चालेल. गोंगचं सांगू नका. एवढ्याचसाठी केलं ना सगळं."

फौजदारांना तिची कीव आली, आणि आल्याबद्दल स्वतःचा संतापही आला. दहा तास मरत पडलेल्या मुलासाठी तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. तरी ते म्हाताऱ्याच्या बाजेपाशी गेले, वाकले आणि त्याच्या उजव्या कानात ओरडले, "म्बाह! तुमच्या मुलीनं मुलाला मारलं! त्यांचं भांडण झालं होतं!"

म्हातारा मघापासून एकेकाचं तोंड निरखत होता. तो फौजदारांकडे बघून हसला. दात तीनच उरले होते.

"कशावरून भांडण?" तो गरजला. "त्या तीन लाटांवरून?"

फौजदार एक पाऊल मागं सरले.

"मला काय मातीचा समजता? कान गेले, तळहात गेला नाही!" त्यानं हात वर केला. आयुष्यभर भाजून भाजून तो चामड्यासारखा झाला होता. "इस्पितळातून आलो त्याच दिवशी क्याईंवर ठेवला. तीन! मेलेलं पोर बदलून शेजारचं आणून ठेवलं होतं माझ्या पाळण्यात. म्हटलं, बघू या, कोण खरं बोलतं. वर्ष झालं. कोणी नाही! दर गुरुवारी ही त्या खोट्यापुढे फुलं घेऊन वाकते, तो बैल दाराशी घाम पुसतो. मी बसून बघतो. एवढी करमणूक या वयात कोणाला मिळते?"

"बाबा," वार्सिना म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच वर गेला. "बाबा, मग त्याला..."

त्याला ऐकू आलं नाही. तो आपल्याच नादात होता.

"त्या पोराला मीच सांगितलं! म्हटलं, लिही, तीन लाटा लिही. छापून राजवाड्यात जाऊ दे, मी मेल्यावर यांची नाचक्की होऊ दे. पण माझं नाव घेशील तर बघ! शपथ घातली त्याला, त्याच्या आईची. पोरगा पाळेल असं वाटलं नव्हतं. शहरातली पोरं, त्यांना कसली शपथ!" त्यानं लुराहला कोपरानं ढोसलं. "पाळली का त्यानं?"

लुराहनं तोंड फिरवलं. कार्ता भिंतीला टेकून खाली सरकत गेला आणि तिथंच बसून राहिला. मग म्हाताऱ्यानं जेवायला काय आहे ते विचारलं.

अंगणात सामिदीनं डोंगसाचे दोर सोडले. सकाळी हे दोर बांधायला दहा हात पुढं आले होते, आता सगळ्यांना घरी कामं निघाली होती. लुराह काहीतरी बोलावं म्हणून म्हणाला, "गैरसमज झाला रे. पुढच्या जेवणाला ये."

"येतो की," डोंगसा मनगट चोळत म्हणाला. "या मुलाच्याच तिसऱ्या दिवसाचं करा. त्याला आणि मला एकदमच बोलावल्यासारखं होईल."

त्याची जागा गाडीत रिकामी झाली होती. वार्सिना तिथं चढली. ती ताठ बसली, पदर नीट केला, आणि फौजदार समोर बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. सामिदीनं बैल हाकले. सिंगांचं घर मागं पडलं, खानावळ मागं पडली, चौकातला फुलवालीचा ओटाही गेला.

वेशीपाशी ती एकदम म्हणाली, "आईची शपथ म्हणाले ना बाबा?"

"हो."

"म्हणजे सुविग्न्योला आई आहे?"

त्या घरात त्याचं नाव दिवसभरात कोणी घेतलं नव्हतं. फौजदारांनी सकाळीच त्याच्या घरी तार केली होती आणि दुपारी तिचं उत्तर आलं होतं.

"आहे," ते म्हणाले. "उद्याच्या आगगाडीनं येतेय. तो आजारी आहे, एवढंच कळवलंय तिला."

वार्सिनानं बांधलेले हात तोंडाशी नेले आणि सोलो येईपर्यंत खाली घेतले नाहीत.